“मी तर काहीच बोललो नाही ताई, मग पोरगं माझ्याशी का बोलत नाही?”

(पत्र थोडक्यात देतेय. ओळख पटेल असं सगळं काढलंय, एकदोन गोष्टी मुद्दाम बदलल्यात. मावशींचं बोलणं मात्र तसंच ठेवलंय, आपल्या भागात बायका ‘मी गेलो, मी आलो’ असंच बोलतात, ते सुधारावं असं मला वाटलं नाही.)

खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातल्या मावशी, वय ६३. मालक बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत ३० वर्षं काम करून रिटायर झालेत, दीड एकर भातशेती आहे, मुलगी लग्न होऊन गोव्यात, आणि एकच मुलगा. मुलगा मराठी शाळेत शिकला, बेळगावात इंजिनिअरिंग केलं, बेंगळूरला नोकरीला लागला आणि तिथंच २०१९ मधे ऑफिसातल्या दावणगेरेच्या कन्नड मुलीशी रजिस्टर लग्न केलं. वडील तरुणपणापासून सीमालढ्यातले, १९८६ च्या कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात लाठी खाल्लेली, अजूनही १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या सायकल फेरीला जाणार म्हंजे जाणार. लग्नाला घरचं कुणी गेलं नाही.

२०२२ च्या सुगीत मुलाचा आदल्या रात्री आईला फोन आला, उद्या आम्ही येतोय म्हणून. मावशींनी भाकऱ्या केल्या, भाकरतुकडा काढून ठेवला, तांब्या भरला. गाडी दारात थांबली, सून दहा महिन्यांच्या लेकराला कडेवर घेऊन उतरली. वडील सोप्यातनं उठले, “हितं कुणाचं काय काम नाही” म्हणाले आणि आत गेले. मावशी लिहितात, “एका हातात तांब्या, एका हातात भाकरतुकडा घेऊन मी उभारलो. मालक आतनं बघायलेत म्हणून पाय उचललाच नाही.” दोनतीन मिनिटं सगळे तसेच उभे. मग मुलानं गाडी वळवली. रात्री मावशींनी फोन केला तेव्हा तो एवढंच म्हणाला, “आई, तू पाणी तरी द्यायचीस.” त्यानंतर फोन नाही. व्हॉट्सअॅपवर एकच टिक पडते, डीपी दिसत नाही.

“सुनेनंच त्याचं मन फिरवलं असणार, नाहीतर जन्म दिलेल्या आईला कोण असं टाकतंय? मी तर तोंडातनं एक शब्द काढलेला नाही. आता मालक म्हणायलेत शेत पुतण्याच्या नावावर करतो. भावकीतला एकजण म्हणतोय पोरावर केस घाल. मी एकदा बेंगळूरला जाऊन त्याच्या दारात बसू काय? गल्लीत विचारलं की मी सांगतो दर ऐतवारी फोन येतोय म्हणून. किती दिवस सांगू?”

मावशी,

तुम्ही शेताचं, केसचं आणि बेंगळूरला जायचं विचारलंय. ते सगळं सांगते, पण आधी मला त्या तांब्याबद्दल बोलायचंय, कारण पाच पानांच्या पत्रात तुम्ही तो प्रसंग अर्ध्या पानात उरकलाय आणि माझं वाचताना मन तिथंच अडकून राहिलं.

‘मी एक शब्द काढला नाही’ हे तुम्ही पत्रात चार ठिकाणी लिहिलंय. माझी काही चूक नाही अशा अर्थानं लिहिलंय. पण जरा त्याच्या बाजूनं बघूया का. बाप काय करणार हे त्याला पक्कं माहीत होतं, लहानपणापासून ओळखतो तो त्यांना. त्यानं आदल्या रात्री फोन कुणाला केला? वडिलांना नाही, बहिणीला नाही, तुम्हाला केला. म्हंजे तो तुमच्या भरवशावर आला होता. बायकोला त्यानं गाडीत काय सांगितलं असेल, पाचशे किलोमीटरच्या वाटेवर? मला वाटतं हेच सांगितलं असणार की बाबा चिडतील, पण आई आहे. आणि मग आई होती, दारातच होती, भरलेला तांब्या हातात होता, तरी आली नाही. वडिलांच्या बोलण्याची तयारी करूनच तो आला होता. तुमच्या गप्प राहण्याची तयारी त्याच्याकडं नव्हती. म्हणून तुम्हाला वाटतं की मी काहीच केलं नाही, आणि त्याला आठवतं तेही तेच, की आईनं काहीच केलं नाही.

हे लिहिताना माझाच हात जड होतोय, कारण तुम्ही का हलला नाही हे मला चांगलं कळतं. आवाज चढला की बाईनं गप्प व्हायचं, दिवा विझवून झोपायचं, सकाळी चहा ठेवायचा, हे आपल्या आया आपल्याला शिकवून गेल्यात आणि खरंच त्या गप्प बसण्यावर कितीतरी घरं उभी राहिलीत. तुमच्या चाळीस वर्षांच्या संसारात तुम्ही असंच गप्प राहून किती भांडणं विझवली असतील. त्या दिवशीही तुम्ही तेच केलंत, आता विझेल मग बघू असं म्हणून. फक्त त्या दिवशी दारात एक परकी पोरगी होती आणि दहा महिन्यांचं लेकरू होतं, आणि तुमच्या गप्प बसण्याचा अर्थ त्यांना कुणी सांगितलेला नव्हता. तुम्ही वाईट आई आहात असं मी म्हणत नाही. पण त्याला काय लागलं असेल हे तुम्हाला अजून कळलेलं नाही आणि ते कळल्याशिवाय तुम्ही जे काही कराल ते उलटंच बसेल अशी मला भीती आहे.

आता सुनेचं. तिनं मन फिरवलं असं तुम्ही लिहिता. मावशी, जिला तोडायचं असतं ती दहा महिन्यांचं लेकरू कडेवर घेऊन सासूच्या दारात येत नाही, बेंगळूरहून तर नाहीच. ती न येता घरी बसली असती तर तिला कोण बोलणार होतं? मला उलट वाटतं, चल आपण जाऊन येऊया असं तिनंच म्हटलं असेल, खात्री नाही, पण वाटतं. आणि एक गोष्ट सांगू का, रागावू नका. पाच पानांत तुम्ही सुनेचं नाव एकदाही लिहिलेलं नाही. नातीचंही नाही. ‘ती’, ‘कन्नड पोरगी’, ‘त्याची बायको’ एवढंच. सुनेवर खापर फोडणं सोपं असतं कारण मग आपला लेक आपलाच राहतो, फक्त कुणीतरी पळवलेला. पण तेवढ्यानं तो पस्तीसएक वर्षांचा बाप्या माणूस एकदम अडाणी लेकरू होतो, ज्याला स्वतःचं मनच नाही, आणि त्याला हे कळलं तर तो अजून लांब जाईल.

मालकांबद्दल मला जपून बोलायचंय. ज्या माणसानं भाषेसाठी लाठी खाल्ली त्याला मी नावं ठेवणार नाही. आपल्याला सरकारी कागद आपल्या भाषेत मिळत नाही, उताऱ्यावर काय लिहिलंय ते दुसऱ्याकडनं वाचून घ्यावं लागतं, मराठी शाळांचे वर्ग रिकामे होताना आपण डोळ्यांनी बघतोय, ते दुखणं खरं आहे आणि १९५६ पासनं तीन पिढ्यांनी ते सोसलंय. पोरगा कन्नड मुलगी घेऊन आला तेव्हा त्यांना वाटलं असेल की रस्त्यावर हरलो नाही ते घरात हरलो. पण तो लढा सरकारशी आहे. दारात उभी असलेली पोरगी सरकार नव्हती. आणि आपण बेळगावच्या बाजारात जातो तेव्हा भाजीवालीशी अर्धं कन्नड बोलतो, आपल्यातल्या कितीजणांचे पाव्हणे धारवाड-हुबळीकडं आहेत, सौंदत्तीच्या यल्लम्माला आपण कन्नड माणसांच्या खांद्याला खांदा लावूनच जातो. हे मालकांनाही माहीत आहे. तरीही त्यांना आत्ता पटवायला जाऊ नका. ते तुमचं आत्ताचं काम नाही. ‘मालकांचं मन वळलं की मग मी पोराशी बोलेन’ असं ठरवून बसलात तर आणखी पाच वर्षं जातील. त्यांचं आणि त्याचं जे आहे ते त्यांचं त्यांना बघू दे, तुमचं आणि त्याचं वेगळं आहे. मालकांपासून चोरून मात्र काही करू नका, एवढंच सांगा की मी त्याला एक पत्र लिहिणार आहे. परवानगी मागू नका, फक्त सांगा. चिडतील. चिडू देत. (मालक हात उचलत असतील तर मात्र गोष्ट वेगळी, मग आधी गोव्याच्या लेकीकडं जा आणि तिथनं लिहा.)

हे मी नुसतं पुस्तकातनं सांगत नाहीये. माझा थोरला भाऊ सात वर्षं आमच्या आईशी बोलत नव्हता. घराच्या वाटणीत भांडण झालं आणि आई भावजयीला दागिन्यांवरनं चोर म्हणाली. मग आईनं काय केलं तर प्रत्येक पाव्हण्याजवळ निरोप धाडायला सुरुवात केली, त्याला सांगा आई झुरतेय, त्याला सांगा आईची शुगर वाढलीय, लग्नात भेटला की सांगा, कंदुरीत भेटला की सांगा. पुढं भाऊ मला म्हणाला, मला पाव्हण्यांचा धसकाच बसला होता गं, कुणाचा फोन वाजला तरी वाटायचं हा आईचा वकील. सात वर्षांनी आईनं एक पोस्टकार्ड लिहिलं, मी शेजारी बसले होते. त्यात आजारपण नाही, म्हातारपण नाही, जीव लागलाय नाही. ‘मी तुझ्या बायकोला सगळ्यांसमोर चोर म्हणाले. ते खोटं होतं. पाटली नंतर माझ्याच ट्रंकेत सापडली आणि मी कुणाला सांगितलं नाही.’ बस. उत्तर यायला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत आईनं मला रोज विचारलं आणि मी रोज म्हटलं, थांब.

तर तुम्ही एक पत्र लिहा. फोन नको, व्हॉट्सअॅप नको, दुसऱ्याच्या नंबरवरनं तर अजिबात नको, एकदा ब्लॉक केलेल्या माणसानं दुसऱ्या नंबरवरनं मेसेज केला की समोरच्याला दार ढकलल्यासारखं वाटतं. कागदावर, तुमच्या हातानं. साध्या पोस्टानं धाडा, सही घेऊन देतात तसलं नको, दारात पोस्टमन सही मागायला लागला की आधी वकिलाची नोटीसच आठवते. पत्रात काय लिहायचं ते तुमचं तुम्हालाच सुचलं पाहिजे पण अंदाज यावा म्हणून मी असं काहीतरी लिहिलं असतं:

‘त्या दिवशी तू मला आदल्या रात्री फोन केलास. मी भाकरतुकडा काढून ठेवला होता, तांब्या भरून ठेवला होता. तुम्ही दारात आलात आणि मी तुमच्यावरनं ओवाळून टाकला नाही, पाणी दिलं नाही, या म्हटलं नाही. मला भीती वाटली. पण तुझी बायको आणि लेकरू दारात उभं होतं आणि मी पुढं आले नाही ही माझी चूक, बाबांची नाही. तू पाणी तरी द्यायचीस म्हणालास ते बरोबर होतं. तिलाही हे वाचून दाखव असं मी म्हणत नाही, तुला वाटलं तर. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.’

आणि ‘तिलाही’ लिहिलंय तिथं तिचं नाव घाला.

बघा, यात ‘पण’ कुठंच कुणावर ढकलण्यासाठी आलेला नाही. पत्र लिहून झालं की एकदा फक्त एवढ्यासाठी वाचा. ‘तुला वाईट वाटलं असेल तर माफ कर’ असं असेल तर ते खोडा, कारण त्यात वाईट वाटून घेणं ही त्याचीच चूक झाली. ‘पण बाबांचा स्वभाव तुला माहीतच आहे’ हे खोडा. ‘आम्ही पोटाला चिमटा काढून तुला शिकवलं’ हे तर आधी खोडा. ते खरं आहे, मालकांनी भट्टीसमोर उभं राहून त्याची फी भरली हे मला तुमच्या पत्रातनं कळतंच, पण ते त्या दिवशीच्या हिशोबात धरलं की पोराला वाटतं आपल्याला बिल आलंय. आणि ‘मी मरायच्या आत एकदा तोंड दाखव’ हे नको, कितीही मनातनं आलं तरी नको. भीतीनं आलेलं पोरगं दुसऱ्या दिवशी परत जातं.

त्याच्या आठवणीतला तो दिवस आणि तुमच्या आठवणीतला दिवस कदाचित जुळणार नाही. तो म्हणेल दहा मिनिटं उभे होतो, तुम्ही म्हणाल दोन. यावर भांडू नका. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाचे कार्ल पिलेमर म्हणून प्राध्यापक आहेत, त्यांनी तुटून पुन्हा जोडलेल्या कितीतरी माणसांशी बोलून बघितलं, तर त्यातल्या बहुतेकांनी सांगितलं की समोरच्यानं माझीच बाजू खरी मानावी हा हट्ट सोडला तेव्हा गाडी पुढं गेली. आणि तिथल्याच ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी हजारो माणसांची वर्षानुवर्षांची माहिती तपासून २०२२ मधे छापलं, की आईशी संबंध तुटलेल्यांपैकी ८१ टक्के आणि वडिलांशी तुटलेल्यांपैकी ६९ टक्के पुढं कधीतरी परत जोडले गेले. तिकडची घरं वेगळी, आपली वेगळी, पण एवढं तरी दिसतं की बोलणं बंद झालं म्हंजे कायमचंच झालं असं बहुतेकांचं होत नाही. हे मी तुम्हाला खोटी आशा लावायला सांगत नाही, त्या आकड्यांत न जोडलेलेही आहेत.

पत्र धाडल्यावर काही करायचं नाही. हे सगळ्यात अवघड. पोचलं का म्हणून कुणाला विचारायला लावायचं नाही. वर्षभर उत्तर आलं नाही तर पुढच्या वर्षी त्याच्या वाढदिवसाला चार ओळी, तुझी आठवण आहे, आमचं बरं आहे, रोप लावण झाली, बस्स. नातीसाठी झबली, कुंदा, पैंजण असलं काही पार्सल करू नका अजून, आईबापाशी बोलणं नसताना लेकराला वस्तू आली की ती लाच दिल्यासारखी होते आणि त्या दोघांना ती लेकरापासनं लपवावी लागते. आणि त्यानं स्पष्ट ‘लिहू नकोस’ म्हणून कळवलं तर लिहू नका. ते ऐकणं हेही एक प्रकारे त्याच्याशी बोलणंच आहे.

बेंगळूरला जाऊन दारात बसायचं म्हणताय, ते नको मावशी. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून सकाळी तुम्ही तिथं उतराल, कुठल्याशा अपार्टमेंटच्या गेटवर वॉचमन तुम्हाला कन्नडमधे विचारेल कुणाकडं जायचंय, तो वर फोन लावेल, आणि वरून ‘नाही’ आलं तर? ते तुम्हाला सोसणार नाही. ‘या’ आलं तरी ते वॉचमनसमोर तमाशा नको म्हणून आलेलं असेल. एकदा दारात त्याला उभं राहावं लागलं म्हणून आता तुम्ही त्याच्या दारात, असं फिटत नाही ते.

आता शेत. मालकांना एवढं विचारा की शेत वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाचं आहे की स्वतः घेतलेलं. वडिलोपार्जित असेल तर त्यात मुलाचा जन्मापासनं हिस्सा आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर गोव्याच्या लेकीचाही, तो हिस्सा मालकांना रागात उचलून पुतण्याला देता येत नाही. स्वतःच्या कमाईचं असेल तर देता येईल, पण मग बक्षीसपत्र आणि मृत्युपत्र यातला फरक नीट समजून घ्या. बक्षीसपत्र रजिस्टर झालं की शेत आजच गेलं. मृत्युपत्र जिवंत असेपर्यंत कधीही बदलता येतं. ज्यांना भावकीच्या नावावर काही करायचंच आहे त्यांनी, हे मी सगळ्याच वाचकांना सांगतेय, ‘आमचा शेवटपर्यंत सांभाळ करायचा’ ही अट कागदावर लिहून घ्यावी. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा जो कायदा आहे त्याच्या २३ व्या कलमात अशी अट मोडली तर तो व्यवहार रद्द करून मागता येतो. तोंडी भरवशावर शेत देऊन नंतर पुतण्याच्या दारात बसलेली माणसं मी बघितलीत. पण तुमच्यापुरतं सांगायचं तर रागात कुठल्याच कागदावर सही नको, तुमची सही मागितली तर म्हणा सुगी झाल्यावर बघू. आणि पोराला शेताची भीतीही घालू नका, लालूचही दाखवू नका. पत्रात शेताचा श सुद्धा नको.

केस घालता येते का, तर येते. त्याच २००७ च्या कायद्यात आईवडिलांना पोटगी मागता येते, प्रांताधिकाऱ्यांपुढं अर्ज स्वतःच करायचा, वकील लावावा लागत नाही, महिना जास्तीत जास्त दहा हजारापर्यंत मिळू शकते. ज्यांच्या घरात खरंच चूल पेटत नाही, औषधाला पैसे नाहीत आणि कमावतं पोर बघत नाही, त्यांनी यात लाज मानू नये, तो कायदा त्यांच्यासाठीच आहे. तुमचं तसं नाही. भात घरचं आहे, थोडी पेन्शन आहे, लेक अधूनमधून देते. तुम्हाला पैसे नको आहेत, तुम्हाला त्याचा आवाज पाहिजे, आणि तो प्रांत ऑफिसातनं मिळणार नाही. तिथं तो येईल, सही करेल आणि जाईल.

ऐतवारच्या फोनचं वाचून मला फार वाईट वाटलं. आपल्याकडं माणूस गेलं तर दहावा आहे, बारावा आहे, गल्ली येऊन बसते, रडायला जागा मिळते. माणूस जिवंत असून घरात नसलं तर त्याला काहीच नाही. पॉलिन बॉस नावाच्या अमेरिकन बाईंनी अशा दुःखाचा आयुष्यभर अभ्यास केला, त्या म्हणतात की हे संपतही नाही आणि धड सुरूही होत नाही म्हणून माणूस मधेच अडकून राहतं. तुम्ही तर वरनं दर आठवड्याला एक न आलेला फोन पुन्हा सांगताय. म्हणजे आठवड्यातनं एकदा ते सगळं पुन्हा उकरलं जातं. गल्लीला सगळी गोष्ट सांगायची गरज नाही. एक वाक्य ठरवून ठेवा, ‘सध्या आमचं बोलणं नाही बघ, होईल तेव्हा होईल’, आणि लगेच दुसऱ्या विषयाला लागा, भात कसं आलंय विचारा. पहिल्यांदा सांगताना जीभ अडखळेल, तिसऱ्यांदा नाही. आणि एका माणसाला, फक्त एकाच, सगळं खरं सांगा. तुमच्या पत्रात ज्या जाऊबाईंचा उल्लेख आहे, त्यांच्याही मुलीचं असंच काहीतरी झालंय असं तुम्हीच लिहिलंय. एकटंच बसू नका, त्यांना बोलवा.

गणपतीचं आधीच ठरवून ठेवा. आपल्या खेड्यांत चतुर्थीला पुण्या-मुंबईची, बेंगळूरची गाडी दारादारात लागते आणि तेव्हा घर खायला उठतं, तुम्हीच लिहिलंय की गेल्या वर्षी गौरीच्या दिवशी तुम्ही परड्यात जाऊन बसलात. यंदा लेकीला पाच दिवस आधी बोलवा, किंवा मूर्ती बसल्यावर दुसऱ्या दिवशी तुम्हीच दोघं तिच्याकडं गोव्याला जा. झोप लागत नाही, बीपी वाढलंय, जेवण जात नाही हे महिनाभर चाललं असेल तर डॉक्टरला बीपीबरोबर मनाचंही सांगा. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, रात्रीही उचलतात, भाषा निवडता येते. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा, सकाळी आठ ते रात्री आठ, तिथं कायद्याचंही विचारता येतं. फोनवर अनोळखी माणसाशी काय बोलायचं असं वाटेल, पण तुम्ही मला पाच पानं लिहिलीत की.

असंच दुखणं असलेल्या इतरांसाठी थोडं. सगळ्यांची गोष्ट या मावशींसारखी नसते. घरात दारू, मारहाण होती आणि पोरं त्यातनं निघून गेलीत, तर त्यांना परत बोलावण्याआधी ती दारू, ती मारहाण खरंच थांबलीय का हे बघा, थांबली नसेल तर त्यांचं लांब राहणंच बरोबर आहे. आणि उलटही असतं, पोरगंच पैशासाठी आईबापावर हात टाकतं, मग त्याच्यापासनं लांब राहिलात म्हणून तुम्ही आईबाप म्हणून कमी पडला असं नाही, तिथं पत्रं लिहीत बसू नका, पोलिसांत जा. आणि ज्यांना पोरं का तुटली हे खरंच माहीत नाही, त्यांनी शेवटची भेट आठवावी, शेवटचं भांडण नाही, शेवटची भेट. तिथं कोण कुठं उभं होतं, कोण काय बोललं नाही. मावशींनाही त्यांचं उत्तर त्यांच्याच पत्रात अर्ध्या पानात सापडलं असतं.

मावशी, गोव्याच्या लेकीकडनं फक्त त्याचा पत्ता घ्या, निरोप नको. पत्ता पाकिटावर इंग्रजीत किंवा कन्नडमधे लिहून घ्या, बेंगळूरचा पोस्टमन मराठी वाचत बसणार नाही, तुमच्या गल्लीतली शाळेला जाणारी कुठलीही पोर सुरेख कन्नड लिहून देईल. आतलं पत्र मात्र मराठीतच, तुमच्याच अक्षरात, शाई पसरली तरी दुसऱ्यांदा लिहू नका.